नखांना बोल लावू नका

उजव्या हाताचं मधलं बोट

सुरुवात ह्या बोटापासून, कारण पोट ह्याच्यावर चालतं.

कप डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर उपडा धरायचा, तळव्याला टेकू द्यायचा नाही, आणि उजव्या मधल्या बोटाच्या नखाने काठाजवळ एकदा वाजवायचा. चांगला कप बोलतो. तडा गेलेला खोकतो. आमच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला प्रत्येक कप माझ्या टेबलावरून जातो नाहीतर शेजारणीच्या, आणि आमच्यापैकी एकीच्या कानाने हो म्हटल्याशिवाय पॅकिंगला जात नाही. मी पास केलेल्या कपाच्या बुडाला हिरवा ठिपका. शेजारणीचा निळा. बोलला की ठिपका, खोकला की मागच्या ड्रममध्ये. ड्रममध्ये पडताना तो फुटतो, आणि त्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नसतं. पुढचा कप हातात आलेला असतो.

शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी शिट्टीने माझ्यासमोर एक कप ठेवला. शिट्टी म्हणजे आमचा सुपरवायझर. पुढच्या दातांतल्या फटीतून त्याचा श्वास वाजतो. तो येतोय हे आम्हाला तो यायच्या आधी कळतं, त्यामुळे बिचाऱ्याला आजवर कुणाला गप्पा मारताना पकडता आलेलं नाही.

"गिऱ्हाइकाकडून परत आलाय," तो म्हणाला. "गरम चहा ओतला आणि कान हातात आला. चहा मांडीवर."

"कुणाच्या?"

"मांडी कुणाची का असेना. बूड बघा."

बुडाला हिरवा ठिपका होता.

"कपाचा कान गेला," शिट्टी म्हणाला. "तुमचा कुठे गेला होता, बाई?"

उत्तर त्याला नकोच होतं, कारण तो कपाकडे बघतच नव्हता. तो माझ्या नखांकडे बघत होता. ॲक्रिलिकची नखं, फ्रेंच म्हणतात त्या पद्धतीची: सगळं नख गुलाबी, टोकाला पांढरी कोर. ती लावल्यापासून तो त्यांच्याकडे असाच बघायचा, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखा. आज त्याला आत यायला कारण मिळालं होतं.

"वाजवायला हाडामांसाचं बोट लागतं. प्लास्टिकमधून काय ऐकू येणार?"

"ऐकायला कान लागतो, साहेब. नखाने कुणी ऐकत नाही."

"सोमवारी ही काढून आलात तर टेबल तुमचं. नाहीतर पॅकिंग."

पॅकिंग म्हणजे मागचा लांबलचक हॉल. तिथे दिवसभर उभं राहून कप कागदात गुंडाळायचे. कागदाची सळसळ, पेट्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा चरचराट, सगळ्या बायका ओरडून बोलतात. तिथे कुणाच्या कानाची कुणाला गरज नसते. मी त्याच हॉलमधून ह्या टेबलावर आले होते. माणसाला खुर्ची मिळाली की ती सोडवत नाही म्हणतात. मला खुर्ची नको होती. मला तो आवाज हवा होता, चांगला कप बोलतो तो.

आणि नखंही हवी होती. दोन्ही. त्यात काय हावरटपणा आहे ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तो बिनकानाचा कप मी पिशवीत टाकला आणि घरी आले.

डावा अंगठा

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, खिडकी उघडली आणि डबा काढला. डब्यात दोन फायली, एक खडबडीत आणि एक मऊ. लाकडी काडी. ब्रश. गुलाबी पावडर, पांढरी पावडर, आणि ती पावडर ज्यात कालवायची त्या उग्र वासाच्या पाण्याची बाटली. ॲसिटोनची बाटलीही होती. ॲसिटोनमध्ये कापसाचा बोळा भिजवून नखावर ठेवला, वरून चकचकीत कागद गुंडाळला आणि गप्प बसून राहिलं, की सगळं मऊ पडून सुटून येतं. मी ती बाटली बाहेर काढली, टेबलावर ठेवली, आणि परत डब्यात ठेवली.

ताईने दोन्ही वेळा पाहिलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त आहे. आम्ही दोघीच राहतो. शाळा सुटली पण चुका काढायची सवय सुटली नाही, आणि आता वर्गात मी एकटीच.

"शिंगं फुटलेली माणसं पाहिली होती," ती म्हणाली. "नखं फुटलेली पहिल्यांदाच बघतेय. तेही ह्या वयात."

"वयाचा आणि नखांचा काय संबंध? ती तर रोज नवी येतात."

"नोकरी रोज नवी येत नाही."

मी खडबडीत फाइल उचलली आणि घासायला लागले.

नख वाढतं तशी मुळाशी उघडी पट्टी दिसायला लागते. जुनं ॲक्रिलिक पुढे सरकतं, त्याच्याबरोबर पांढरी कोरही सरकते, आणि जिथे कोर शोभत होती तिथे नुसता गुलाबी माळ उरतो. पार्लरमध्ये मशीन असतं, बारीक फिरत्या टोकाचं. त्याने जुनं पांढरं कोरून काढतात आणि त्या खाचेत नवं भरतात. हाताने कोरता येत नाही. हाताने फक्त झिजवता येतं. टोक आखूड करायचं. पांढरं पातळ करत न्यायचं. मुळाशी जिथे जुनं संपतं तिथली पायरी इतकी घासायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर ती कुठे होती ते कळू नये. फाइल नखावर आडवी, हात हलका, एका दिशेने. सुतार करवत चालवतो तशी मागेपुढे चालवली तर खालचं खरं नख जातं, आणि ते काही डब्यात मिळत नाही.

पांढरी पूड वर्तमानपत्रावर पडत राहिली. कारखान्यात माझ्या टेबलाखाली कपांची पडते तशीच दिसत होती, फक्त ही माझी होती.

"मशीनने पटकन होत नाही का?" ताईने विचारलं.

"होतं. एका गाण्यात होतं."

"मग?"

"मला दुपार लागते. दुपार माझीच आहे."

डावी तर्जनी

ही नखं मी मागितली नव्हती. भाची, म्हणजे ताईची मुलगी, दुसऱ्या गावात पार्लरमध्ये काम करते. सुट्टीला आली होती आणि तिचे हात शिवशिवत होते.

"मावशी, हात दे."

"माझे हात घेऊन काय करणार? विहीर खणायची आहे?"

माझे हात म्हणजे असे होते. मातीने नखांच्या कडा खाल्ल्या होत्या. वाजवायच्या बोटाचं नख मधोमध उभं चिरलं होतं, टॉवेलच्या प्रत्येक धाग्यात अडकायचं. कुणाच्या घरी गेलं की मी हात मांडीखाली घेऊन बसायचे. फोटो काढताना ते पाठीमागे जायचे, कुणी न सांगता. एकदा शेजारच्या मुलीने विचारलं होतं, मावशी, तुम्हाला शिक्षा झालीय का?

भाचीने एक दिवस बसून सगळी बोटं केली. झाल्यावर मला लाज वाटली, खोटं का सांगू. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसायला जागा असताना मी उभी राहिले. पुढचा दांडा धरून. दोन्ही हातांनी.

एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं कारण लागत असेल तर माझ्याकडे नाही.

डावी करंगळी

हिच्यावर काही काम नव्हतं. ही आधीपासूनच शहाणी.

डावं मधलं, आणि त्याच्या शेजारचं

जेवण झाल्यावर भाचीचा फोन आला. ताईने तिला सकाळीच सगळं कळवलेलं होतं, अर्थात. मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि घासत राहिले.

"मावशी, काढून टाक ना. मी येते पुढच्या महिन्यात, मग परत लावून देते. नखं काय पळून जातायत?"

"मी पण पळून जात नाहीये."

"सोमवारचं काय करशील?"

"सोमवारचं सोमवारी."

"बरं, मग निदान नीट कर. मी मशीन पाठवू का? छोटं मिळतं, घरी वापरायचं. हाताने घासून घासून मनगट जाईल तुझं."

"नको."

"अगं, मागच्या वेळी माझ्याकडे आलीस तेव्हा किती पटकन झालं."

मागच्या वेळी मी तिच्या पार्लरमध्ये गेले होते. माझ्या हातावर तिचं मशीन, दोन्ही बाजूच्या खुर्च्यांवर आणखी तशीच मशीनं, खाली धूळ ओढणारा पंखा. नीट दिसावं म्हणून मी मान खाली घातली होती आणि कान जवळजवळ त्या फिरत्या टोकाला लावला होता. ऊंऊंऊं. परतताना गाडीत ते सोबत आलं. झोपले तरी होतं. आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर बसले तेव्हा

मी फाइल खाली ठेवली.

"मावशी? आहेस का?"

उठले, पिशवीतून तो बिनकानाचा कप काढला. कपाच्या बुडावर आमच्या ठिपक्याशेजारी त्या दिवसाची तारीख उमटवलेली असते. ती वाचली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं.

तोच दिवस. पार्लरमधून आले त्याचा दुसरा.

आणि मग मला तो दिवस आठवला. दिवसभर वाटत होतं शिट्टी मागे येऊन उभा आहे. बारीक, सारखी शिट्टी. मी वळून बघायचे, मागे कुणी नसायचं. शेजारणीने विचारलंही होतं, मान अवघडली का? मी म्हटलं, हो. आणि त्या शिट्टीतूनच कप वाजवत राहिले. कपाच्या कानाजवळचा तडा तर असा लबाड असतो की शांत खोलीतही जेमतेम खोकतो.

मी हे दोघींना सांगितलं, एकीला समोर आणि एकीला फोनवर.

"म्हणजे चूक नखांची नव्हती," ताई म्हणाली.

"नव्हती."

"तुझी होती."

"हो. कान भरलेला घेऊन मी टेबलावर बसायलाच नको होतं."

"मग तोंड एवढं उजळलंय कशाने?"

"नखं सुटली ना."

ताईने कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत नेला.

"मला कळत नाही," फोनमधून भाची म्हणाली, "ह्यात माझी काही चूक आहे का?"

"नाही गं. तू मशीन पाठवू नकोस, बस. आणि हाताने भरायचं कसं ते सांगत राहा."

उजव्या हाताचं मधलं बोट, परत

भरायच्या आधी प्रत्येक नख तपासायचं असतं. कुठे खालून सुटलेलं असेल तर त्या फटीत पाणी साचतं आणि खाली हिरवं पडतं. भाची हे डोळ्यांनी करते, दिव्याखाली धरून. मी ब्रशच्या दांडीने वाजवत गेले. डावा हात सगळा बोलला. उजवा अंगठा बोलला. तर्जनी बोलली.

मधलं बोट खोकलं.

आता पुढचं कुणी सांगून केलेलं नाही. माझा हात टेबलावर जे करतो तेच त्याने केलं. पोकळ वाजलं की बाहेर, ह्यात विचारायचं काय. लाकडी काडी सुटलेल्या कडेखाली घातली आणि उचकटलं.

आवाज आला, कट. मग डोळ्यांपुढे पांढरं झालं. आख्खं ॲक्रिलिक निघून वर्तमानपत्रावर पडलं, आणि त्याच्या पोटाशी माझ्या खऱ्या नखाचा एक पापुद्रा चिकटून गेला होता. उरलेलं नख कांद्याच्या सालीसारखं पातळ, ओलसर, लाल. वाऱ्याने झोंबत होतं.

"काय झालं?" भाची विचारत होती. "मावशी, तो आवाज कसला?"

"पोकळ वाजलं म्हणून काढलं."

"कसं काढलंस?"

"काडीने."

"मावशी, सुटलेलं असलं तर तेवढीच कड घासून काढायची. हळूहळू, चिकटलेला भाग लागेपर्यंत. मग मागून नवं भरायचं. उचकटायचं कधीच नसतं. नख म्हणजे काय कप आहे, की फेकला?"

"सवय गं."

"आता त्याच्यावर काही लावू नकोस. कच्चं आहे ते. तेल लाव आणि उघडं ठेव. खालून नवं नख वर येऊ दे, मगच."

म्हणजे उद्या शिट्टी बघणार, की मी घाबरून एक नख काढलं, आणि तेही वाजवायच्या बोटाचं. मी ठरवलं असतं तरी ह्याहून चांगली माफी मला मागता आली नसती. मला त्या बोटाचा राग आला.

"आता बाकीची पण काढ," ताई म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच सोपं वाटत होतं. "पंगतीत एकच उघडं बसलंय. बरं नाही दिसत."

"एक पडलं म्हणून बाकीच्यांनी का आडवं व्हायचं?"

आणि ब्रश बुडवला.

उजवा हात, उरलेला

डाव्या हाताची बोटं उजव्याने केली, ती छान झाली. उजव्याची डाव्याने करायची असतात, आणि डावा हात म्हणजे घरच्या कामाला लावलेला पाहुणा. मनापासून करतो, पण काय कुठे ठेवायचं ते त्याला माहीत नसतं.

ब्रश त्या उग्र पाण्यात बुडवायचा, काठाला पुसायचा, टोकाने पावडरीला हलकेच शिवायचं. टोकावर थेंब जमतो, मण्याएवढा. गुलाबी थेंब मुळाजवळच्या उघड्या पट्टीवर, त्वचेला न लागू देता. तो स्वतःच पसरतो, आपण नुसतं थोपटायचं. मग पांढरा थेंब टोकाला, आणि ब्रश कोरडा करून त्याच्या कडेने दाबत कोर आखायची. सगळं तो मऊ आहे तोवर. तो वाट बघत नाही.

"डावी बाजू चढलीय," टेबलापलीकडून ताई म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग खाली ओढ."

"ओढतेय."

"ती कोर आहे की कलतं छप्पर? चौथीतली मुलं बरी काढायची."

"त्यांना उजव्या हाताने काढायला देत होतीस."

"डावखुरी होती काही."

माझं मनगट थरथरायला लागलं होतं, सकाळपासून घासून. ताई उठली, खुर्ची ओढून शेजारी आली, आणि माझा डावा हात मनगटाजवळ धरून टेबलावर दाबला. ब्रशला शिवली नाही. "मला हे पसंत नाही," ती म्हणाली. "पण वाकडी रेघ मला बघवत नाही. आता काढ."

करंगळी सरळ आली. तिच्या शेजारचं बोटही. तर्जनी मात्र ताई उठून यायच्या आधीच वाळली होती. तिची कोर एका बाजूला चढली ती चढलीच. मी ब्रशच्या दांडीने एकेक वाजवून बघितलं. ॲक्रिलिक घट्ट झालं की टकटकीत बोलतं. ही गोष्ट भाचीला शिकायला वर्ग लावावा लागला होता.

वाकडी तर्जनीही बोलली. तिला काही झालं नव्हतं, फक्त वाकडी होती.

सोमवार, सगळा हात

शिट्टी माझ्या टेबलापाशीच उभा होता. नजर हातांवरून गेली आणि उघड्या बोटावर थांबली.

"सुरुवात केलीत. बरं केलंत," तो म्हणाला.

"सुरुवात नाही साहेब, अपघात. नख वर आलं की परत लावणार आहे."

त्याचा चेहरा पडला. मी पिशवीतून बिनकानाचा कप काढून टेबलावर ठेवला.

"हा माझ्या कानाने सोडला. त्या दिवशी कान वाजत होता आणि तरी मी टेबलावर बसले. त्यासाठी पॅकिंगला पाठवा, मी जाते. पण नखांमुळे पाठवलं असं म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर कानामुळे."

"फरक काय पडतो? पॅकिंग ते पॅकिंग."

"तुम्हाला नाही पडत."

त्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतेय. फिरकी असती तर ती त्याला परतवता आली असती. "किती दिवस, ते मी ठरवणार," तो म्हणाला.

"दिवस तुम्ही ठरवा. नखं मी ठरवते."

मी एप्रन उचलला आणि मागच्या हॉलमध्ये गेले. जाताना दिसलं की माझ्या खुर्चीवर तो स्वतःच बसतोय. पेन्सिल घेऊन.

पॅकिंगमध्ये सगळ्यात जुन्या बाईला काकी म्हणतात, तिथे तिचं राज्य. तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. "राणीसरकार, पेटीची चिकटपट्टी काढायला तरी येतील का ही? आमची नखं तर तिच्यातच गेली." मी टोकाने पट्टीची कड उचलून दाखवली. एका झटक्यात निघाली. "हं," काकी म्हणाली, आणि तिच्या पेटीची पट्टी माझ्यापुढे सरकवली. तिच्या शेजारणीनेही सरकवली.

मग कप यायला लागले. डाव्या हाताने उचलायचा, उजव्याने कागद. कप हातात आला की उजव्या हाताची वाकडी तर्जनी त्याला लागायची. मुद्दाम नाही, इतक्या वर्षांनी हात कप उचलतात ते असेच उचलतात. मधलं बोट दुखत होतं म्हणून त्याचं काम तिने घेतलं होतं, एवढंच. हॉलमध्ये एवढा गलका, तरी तो टक माझ्यापर्यंत यायचा. बोटातूनच यायचा.

बोलला. गुंडाळला. बोलला. गुंडाळला.

खोकला.

बूड बघितलं. हिरवा ठिपका, अजून ओला.

तिथे ड्रम नसतो. पॅकिंगला आलेला कप चांगलाच असतो असं धरून चाललेलं असतं. मी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कान दाराकडे करून.

"तो का बाहेर?" काकीने विचारलं.

"खोकतोय."

"तुझं काम गुंडाळायचं."

"गुंडाळतेय की."

थोड्या वेळाने दुसरा. मग लागोपाठ काही. निळ्या ठिपक्याचा एकही नव्हता. मला शिट्टी दिसत नव्हता पण कळत होता: माझ्या खुर्चीवर बसलाय, कप वाजवतोय, वाकून ऐकतोय, आणि त्याला ऐकू येतोय त्याचाच श्वास. मला हसू आलं आणि मग आलं नाही. भरलेला कान घेऊन मीही तिथे बसले होते.

जेवणाच्या घंटेपर्यंत कट्टा भरत आला. सगळे कान दाराकडे. काकीने दोनदा सांगितलं ते आत सरकव, साहेब बघेल. मी म्हटलं, तिथे ठेवलेत ते बघण्यासाठीच.

आधी शिट्टी ऐकू आली, मग तो आला. कट्ट्यासमोर उभा राहिला. एक कप उचलला, बूड बघितलं, खिशातल्या पेन्सिलीने वाजवला.

"चांगला आहे."

"श्वास धरून वाजवा," मी म्हटलं.

त्याला हे पहिल्यांदाच कुणी सांगत असावं. हॉलमधल्या बायका गप्प झाल्या. चिकटपट्ट्या थांबल्या. त्याने ओठ मिटले, श्वास धरला आणि वाजवला.

कप खोकला. शेवटच्या रांगेतही ऐकू गेला.

त्याने तो खाली ठेवला, आजारी माणसाला टेकवतात तसा. मग दुसरा घेतला. तिसरा वाजवला नाही.

"उद्यापासून टेबलावर बसा," तो म्हणाला.

"नखांसकट?"

"मला कुठली नखं दिसली नाहीत. विषय संपला."

तो वाईट माणूस नाही. हे त्याने चांगल्यासाठीच म्हटलं, आणि मी मान हलवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझे हात एप्रनखाली जायला निघालेही होते. हातांची जुनी सवय, मी त्यांना दोष देत नाही. मी ते परत वर आणले आणि कट्ट्यावर ठेवले, दोन्ही, त्या कपांच्या मधोमध.

"नाही साहेब. दिसली म्हणा."

"बाई, मी जाऊ दे म्हणतोय ना."

"जाऊ दे नको. बघा."

त्याने काकीकडे पाहिलं. काकी पेटीत बघत होती. मग त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. खाली मान घालून, चांगला वेळ लावून.

"मधलं उघडं आहे," तो शेवटी म्हणाला.

"येईल भरून."

"आणि ह्याची रेघ वाकडी आहे."

"डाव्या हाताने काढलीय."

"मशीन मिळतं म्हणे त्याला. माझी बायको सांगत होती."

"मिळतं. माझा कान खातं ते."

तो कट्ट्यावरचे कप एकेक करून ट्रेमध्ये ठेवायला लागला, हळूच, एकमेकांना लागू न देता, जणू ते अजून विकायचे होते. मागे काकीने पट्टी ओढली, आणि हॉल परत बोलायला लागला.

घंटा होऊन गेली होती, पण माझ्यापुढे एक कप राहिला होता. उचलला. तर्जनी लागली.

बोलला. गुंडाळला.